हॅलोविनची कँडी आणि घरचे जेवण: सात वर्षांच्या मुलीच्या आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका आईला सात वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा आहे. गेल्या हॅलोविनला, म्हणजे मुले वेष बदलून घरोघरी कँडी मागत फिरतात त्या ३१ ऑक्टोबरच्या सणाला, मुलीने उशीचा अभ्रा भरून कँडी आणली. आईने ती स्वयंपाकघरातल्या सर्वांत वरच्या कपाटात ठेवली आणि रात्रीच्या जेवणात भाजी संपवली तर एक तुकडा मिळेल, असा नियम केला. दहा-बारा दिवसांनी मुलीच्या पलंगाची चादर बदलताना गादी आणि भिंत यांच्या फटीत रिकामी वेष्टने सापडली. या वर्षी पुण्याहून आलेल्या आजींचे म्हणणे आहे की मुले झोपली की सगळी पिशवी कचऱ्यात टाकावी. वडील म्हणतात की सणाचा दिवस आहे, खाऊ द्या. वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी मुलीच्या वजनाच्या आलेखावर लक्ष ठेवायला सांगितल्यामुळे आई अधिकच धास्तावली आहे, आणि फराळाचे डबेही त्याच सुमारास भरले जाणार आहेत. तिचा प्रश्न असा आहे की रोज किती कँडी द्यावी आणि साखरेची मर्यादा किती.

मी या राज्यात बावीस वर्षे मुलांची आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे, आणि दर नोव्हेंबरमध्ये माझ्याकडे हाच प्रश्न येतो. माझे उत्तर असे आहे की ‘किती’ हे तुम्ही ठरवायला गेलात की भांडण सुरू होते. तुम्ही ‘केव्हा’ आणि ‘कुठे’ हे ठरवा आणि त्यावर ठाम राहा. कँडीला दिवसातली एक ठरलेली वेळ आणि घरातली एक ठरलेली जागा मिळाली की तिला गादीखाली जावे लागत नाही.

हा विचार माझा नाही. एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ आणि कुटुंब-समुपदेशक यांनी जबाबदाऱ्यांची एक वाटणी मांडली, आणि आमच्या व्यवसायात ती आज पायाभूत मानली जाते. काय वाढायचे, केव्हा वाढायचे आणि कुठे बसून खायचे हे मोठ्यांनी ठरवायचे. वाढलेल्यातले खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने ठरवायचे. गेल्या वर्षी तुमच्या घरी ही वाटणी दोन्हीकडून सरकली होती. एक तुकडा म्हणजे किती हे तुम्ही ठरवले, त्यामुळे मुलीचे काम तुमच्याकडे आले. आणि गादीवर पडून, अंधारात, कोणाच्याही नकळत केव्हा आणि कुठे खायचे हे तिने ठरवले, त्यामुळे तुमचे काम तिच्याकडे गेले. ती वेष्टने पाहून तुम्हाला तिच्या खोटेपणाची भीती वाटली, असे तुम्ही लिहिले आहे. सात वर्षांच्या मुलीला आपल्याला हवी ती गोष्ट पुरेशी मिळेल की नाही याची खात्री नसेल, तर ती साठवते. यात स्वभावाचा दोष नाही.

पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात जेनिफर फिशर आणि लिअ‍ॅन बर्च यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर केलेले प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. फळांचा गर भरलेल्या एका साध्या बिस्किटावर त्यांनी काही आठवडे बंधन घातले. बिस्कीट समोर दिसायचे, पण ते अगदी थोडा वेळच घेता यायचे. त्याच प्रकारच्या दुसऱ्या बिस्किटावर मात्र बंधन नव्हते. ज्याच्यावर बंधन होते त्याच्याबद्दलच मुले अधिक बोलू लागली, तेच मागू लागली, आणि संधी मिळताच त्याकडे अधिक धावली. चवीत फारसा फरक नव्हता, म्हणजे ओढ बंधनामुळे निर्माण झाली होती. वरच्या कपाटातली पिशवी हेच करते.

हे मला पुस्तकातून कळले होते, तरी घरी मी ते पाळले नाही. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना मी त्याला हॅलोविनच्या दुसऱ्या दिवसापासून दोन तुकडे मोजून देत असे आणि उरलेले कुठे आहे ते सांगत नसे. त्या महिन्यात आम्ही एका वाढदिवसाला गेलो. सगळी मुले मागच्या अंगणात पळत होती आणि माझा मुलगा आतल्या टेबलावरच्या कँडीच्या वाडग्याजवळून हलत नव्हता. त्याचे दोन्ही खिसे भरलेले होते, तोंडात होती, आणि तरीही त्याची नजर वाडग्यावर होती. घरी येताना गाडीत त्याला उलटी झाली. त्या संध्याकाळी मी माझी पद्धत बदलली, आणि तेव्हापासून ती कोणालाही सांगताना मला संकोच वाटत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगते. ३१ ऑक्टोबरला मुलांना बाहेर पाठवण्यापूर्वी, साधारण पाच वाजता, त्यांना नक्की आवडणारे जेवण बसवून वाढा. वरणभात, तूप, लिंबू आणि बटाट्याच्या काचऱ्यांची भाजी पुरेशी आहे. थालीपीठ आणि दही असेल तरी चालेल. त्या दिवशी नवी भाजी चाखायला लावू नका. परत आल्यावर पिशवी गालिच्यावर रिकामी करू द्या. मुलांना खाण्याइतकाच आनंद त्या ढिगात असतो: रंगाप्रमाणे रांगा लावायच्या, भावंडांत अदलाबदल करायची, कोणत्या घरी पूर्ण आकाराचे चॉकलेट मिळाले ते पुन्हा पुन्हा सांगायचे. त्या संध्याकाळी मुलीला हवे तेवढे खाऊ द्या, आणि दुसऱ्या दिवशीही, जेवणाखाण्याच्या वेळा न मोडता, तिला मोकळीक द्या. ती जास्त खाईल. कदाचित तिचे पोट दुखेल. तसे झाले तर ‘सांगितले होते ना’ हे वाक्य गिळा. पोटाने तिला जे सांगितले ते तुमच्या बोलण्यापेक्षा अधिक स्पष्ट असते.

तिसऱ्या दिवसापासून कँडी एका डब्यात जाते आणि डबा स्वयंपाकघरात राहतो. तो लपवायचा नाही आणि दिवसभर ओट्यावरही ठेवायचा नाही. दिवसातून एकदा, शाळेतून आल्यानंतरच्या खाण्याच्या वेळी, तो टेबलावर येतो. मुलगी दोन तुकडे निवडते, ते बशीत ठेवते आणि दूध, शेंगदाणे किंवा पोळीच्या गुंडाळीबरोबर बसून खाते. तुमच्या लक्षात येईल की येथे दोन ही संख्या मीच दिली आहे. काय आणि किती टेबलावर येईल हा मोठ्यांच्या वाटणीतलाच भाग आहे; जेवणातही गोड पदार्थ आपण वाटीभरच वाढतो. फरक असा की ते तुकडे तिने आधी खाल्ले, मध्ये खाल्ले किंवा एक ठेवून दिला, यावर तुम्ही काही बोलायचे नाही आणि ते मिळवण्यासाठी तिला काही करून दाखवायला लावायचे नाही. आठवड्यातून एखाद्या दिवशी, म्हणजे शनिवारी दुपारी, डबा मोजमापाशिवाय उघडा राहू द्या. कधीतरी पुरेसे मिळणार आहे ही खात्री तिला शब्दांतून मिळत नाही, अशा शनिवारांतून मिळते.

‘भाजी संपव, मग कँडी’ हा सौदा मात्र पूर्णपणे बंद करा. बक्षीस म्हणून मिळणारी वस्तू मौल्यवान ठरते आणि ती मिळवण्यासाठी जे सोसावे लागते ते नकोसे ठरते. दुधी किंवा पडवळ या भाज्यांची आपल्या घरांत मुळातच फारशी वाहवा होत नाही; त्यांना शिक्षेची जागा देऊन आपण त्यांचे आणखी नुकसान करतो.

साखरेच्या आकड्यांविषयी तुम्ही विचारले आहे म्हणून सांगते, पण हे आकडे मुलीसमोर काढू नका. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी आहे: दोन ते अठरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला वरून घातलेली साखर २५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण सहा चमच्यांपेक्षा, कमी खावी, दोन वर्षांच्या आतल्या बाळाला ती मुळीच देऊ नये. ‘फन साइझ’ म्हणून मिळणाऱ्या चॉकलेटच्या एका छोट्या तुकड्यात बहुधा आठ ते दहा ग्रॅम साखर असते. म्हणजे दोन तुकड्यांत दिवसाचा मोठा वाटा संपतो, आणि म्हणूनच त्या दोन आठवड्यांत बाकीची साखर कुठून येते हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. शाळेत मिळणाऱ्या चॉकलेट दुधाच्या एका छोट्या खोक्यात, २०२५ पासून लागू झालेल्या नव्या मर्यादेनंतरही, दहा ग्रॅमपर्यंत वरची साखर असू शकते. फळांच्या चवीचे दही, सकाळचे रंगीत सिरिअल, ग्रॅनोला बार यांच्या वेष्टनावर ‘अ‍ॅडेड शुगर्स’ ही ओळ वेगळी छापलेली असते, ती वाचा. नोव्हेंबरात साधे दूध, घरचे विरजलेले दही आणि पोहे-उपमा यांवर परतलात, तर कँडीला जागा आपोआप होते आणि मुलीला काही काढून घेतल्यासारखे वाटत नाही.

फराळाविषयी मी स्पष्ट बोलते, कारण आपल्या घरांत त्याला वेगळा न्याय लावला जातो. पाव किलो बेसन, दोनशे ग्रॅम पिठीसाखर आणि दीडशे ग्रॅम तूप यांचे पंधरा लाडू वळले, तर एका लाडवात तेरा ग्रॅमच्या आसपास साखर येते; चॉकलेटच्या छोट्या तुकड्यापेक्षा ती थोडी जास्तच आहे. लाडू घरचा आहे, ताजा आहे, त्यात बेसन आहे, या सगळ्याला किंमत आहे, आणि मुलांनी तो खावा असेच मी म्हणेन. पण लाडू म्हणजे संस्कार आणि चॉकलेट म्हणजे विष अशी विभागणी मुलीला पटत नाही, कारण ती ज्या शाळेत जाते तिथे तिच्या मैत्रिणींकडे चॉकलेटच आहे. २०२४ साली हॅलोविन थेट दिवाळीच्या दिवसांतच आले, तेव्हा अनेक घरांत हा पेच एकाच संध्याकाळी उभा राहिला. मला त्या वेळी जाणवले की आपल्या सणाने हे उत्तर फार पूर्वीच दिलेले आहे. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाले की सगळे एकत्र बसतात, ताटात चिवडा, चकली, करंजी, शंकरपाळे, लाडू असे सगळे वाढले जाते, ज्याला जे हवे ते तो खातो, नको ते ठेवतो, आणि मग ताट उचलले जाते. त्या ताटाशी कोणी ‘आधी भाजी’ असा सौदा करत नाही. अडचण सुरू होते ती दुपारनंतर, जेव्हा डबा टेबलावर उघडा राहतो आणि येता-जाता प्रत्येक जण हात घालतो. कँडीला त्या सकाळच्या ताटाची शिस्त लावा, आणि त्या आठवड्यांत दोन तुकड्यांच्या जागी कधी करंजी, कधी लाडू, कधी चॉकलेट असे आलटून पालटून येऊ द्या.

आजींचा राग मी समजू शकते. एवढी साखर एका पिशवीत पाहून कोणालाही घाबरायला होते. पण रात्री पिशवी टाकून देणे हा उपाय मी कोणालाही सांगत नाही. मुलीने ती मोजलेली असते. सकाळी ती नाहीशी झाली तर तिच्या मनात कँडीचा प्रश्न राहत नाही, घरच्या माणसांच्या शब्दाचा राहतो, आणि पुढच्या वर्षी ती वाटेतच सगळे खाऊन येते. आजींना दूर ठेवण्यापेक्षा काम द्या. दुपारी डबा उघडण्याची वेळ आजींची असू द्या. त्यांनी नातीशेजारी बसावे आणि हा तुकडा कोणत्या घरचा, तिथे दारात काय ठेवले होते, कोण कोण भेटले, हे विचारावे. माझ्याकडे येणाऱ्या एका घरात हे सुरू झाल्यावर मुलगी बोलण्यात इतकी रमायची की दुसरा तुकडा तसाच राहायचा. आजींना एवढी एक विनंती मात्र नक्की करा की नातीच्या वजनाचा, गालांचा किंवा घरातल्या कोणाच्या मधुमेहाचा उल्लेख तिच्या ताटाशेजारी करू नये. मधुमेहाची भीती खरी आहे, आपल्या समाजात तो लवकर आणि अधिक प्रमाणात होतो, पण ती भीती सात वर्षांच्या मुलीने वाहायची नाही. डॉक्टरांनी पाहिलेला आलेख अनेक भेटींवरून वाचला जातो, दोन आठवड्यांच्या कँडीवरून नाही. ठरलेल्या वेळी बसून खाणे, दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तासांचे अंतर आणि त्या मधल्या वेळात केवळ पाणी, हाच त्या आलेखावरचाही उपाय आहे.

साखरेने मुले उंडारतात, असेही आजी म्हणतात असे तुम्ही लिहिले आहे. १९९५ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला आणि साखरेचा मुलांच्या वागण्यावर तसा परिणाम दिसला नाही. त्याआधी, १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही आयांना सांगितले गेले की तुमच्या मुलाला साखर दिली आहे. प्रत्यक्षात दिलेल्या पेयात साखर नव्हती, तरी त्या आयांना आपला मुलगा अधिक चंचल वाटला. हॅलोविनच्या रात्री मुले धावतात ती वेष बदलल्यामुळे, अंधारात मित्रांबरोबर फिरल्यामुळे आणि झोप उशिरा झाल्यामुळे.

दातांचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. साखर तोंडात गेली की तिथले जंतू आम्ल तयार करतात आणि दाताच्या पृष्ठभागावरची आम्लता इतकी वाढते की वरचे कवच विरघळू लागते. लाळेने ती पूर्ववत व्हायला वीस-तीस मिनिटे, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे एका बैठकीत खाल्लेले तीन तुकडे दातांना जेवढे बाधतात, त्यापेक्षा तासातासाने खाल्लेले तीन तुकडे फार अधिक बाधतात. बराच वेळ चघळायच्या कडक गोळ्या, लॉलीपॉप आणि दातांना चिकटणाऱ्या टॉफी हे सर्वांत वाईट; साधे चॉकलेट लाळेने लवकर धुतले जाते. आंबट पावडर लावलेल्या गोळ्यांत वरून आम्लही असते, म्हणून त्या खाल्ल्यावर पाण्याने चूळ भरायला लावा आणि निदान अर्ध्या तासाने दात घासा. न्यू जर्सीत पुष्कळ गावांच्या नळाच्या पाण्यात दातांचे रक्षण करणारे फ्लोराइड मिसळले जात नाही. तुमच्या गावाचे काय आहे ते पाणीपुरवठ्याकडे किंवा दंतवैद्यांकडे विचारून घ्या, आणि रात्रीचे घासणे फ्लोराइडच्या पेस्टनेच करा. तुमच्या तीन वर्षांच्या मुलासाठी वाटाण्याएवढी पेस्ट पुरते.

त्या लहानग्याची पिशवी मात्र तुम्हीच, तो बघत नसताना नव्हे तर त्याला सांगून, आधी तपासायची आहे. चार वर्षांच्या आतल्या मुलाला कडक गोळ्या, चिकट कॅरॅमल, गमीज (रबरासारख्या मऊ गोळ्या), अख्खे दाणे असलेली चॉकलेटे, पॉपकॉर्न आणि च्युइंगम देऊ नयेत, कारण ती श्वासनलिकेत अडकू शकतात. त्या बदल्यात त्याला मऊ चॉकलेट द्या, आणि ते बसूनच खाऊ द्या. बाबागाडीत किंवा रस्त्याने चालताना तोंडात काही नको. छोट्या तुकड्यांवर घटकांची यादी पुष्कळदा नसते आणि मोठ्या व छोट्या आकारांतले घटक कधी कधी वेगळे असतात, म्हणून घरात शेंगदाण्याची किंवा अन्य कसली अ‍ॅलर्जी असेल तर यादी नसलेला तुकडा बाजूला काढा. दाराशी निळसर-हिरवा भोपळा ठेवलेल्या घरी खाण्याऐवजी छोटी खेळणी मिळतात; अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांसाठी ही प्रथा २०१४ पासून देशभर पसरली आहे. तुमच्याकडे शाकाहार पाळत असाल तर लक्षात घ्या की गमीज, मार्शमॅलो आणि कँडी कॉर्न यांत बहुधा जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेला पदार्थ, असते. ते आजींनी ऐनवेळी वेष्टनावर वाचून ओरडण्यापेक्षा मुलीला आधीच सांगा आणि त्या गोळ्या तिने मैत्रिणीशी बदलून घ्याव्यात.

काही घरांत कँडीच्या बदल्यात खेळणे ठेवून जाणारी चेटकीण आणली जाते, काही दंतवैद्य वजनावर पैसे देऊन कँडी विकत घेतात. मुलीला स्वतःहून हवे असेल तर दुसरा मार्ग चांगला आहे. पहिला मला आवडत नाही, कारण त्यातही कँडी रात्रीच नाहीशी होते.

३१ तारखेपूर्वी एखाद्या निवांत दुपारी मुलीला जवळ घेऊन सांगा: “गेल्या वर्षी मी फार कडक नियम केला होता, म्हणून तुला लपवावे लागले. या वर्षी तुझी कँडी तुझीच आहे. पहिले दोन दिवस तुला हवी तेवढी, नंतर रोज शाळेतून आल्यावर आपण डबा उघडू.” ती पहिले काही दिवस तुमची परीक्षा घेईल, तिसरा तुकडा मागेल, रात्री डबा मागेल, तेव्हा “उद्या दुपारी नक्की” एवढेच म्हणा आणि दुसऱ्या दुपारी विसरू नका. कपाटे, गादी, दप्तर तपासू नका. तरीही वर्षभर लपवून खाणे चालू राहिले तर प्रत्यक्ष भेटायला या. बहुतेक घरांत दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी कधीतरी बशीत अर्धे चावलेले चॉकलेट तसेच सोडून मूल खेळायला निघून जाते. ते पाहून तिचे कौतुक करू नका, आजींनाही करू देऊ नका; दुधाच्या पेल्याबरोबर बशी उचला.